ठासणीच्या बंदुकीचे किट निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चकमकीने पेटणाऱ्या, गुळगुळीत नळीच्या (आत रायफलसारखे वळसे नसलेल्या) ठासणीच्या बंदुकीचे किट घरी जोडण्याबद्दल अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या मराठी वाचकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हंगामात शिकारीला जाणारे आणि अठराव्या शतकातल्या लढाया, छावण्या पुन्हा उभ्या करणाऱ्या रिएनॅक्टमेंट गटांत सामील होणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक यात आहेत. भारतात राहणाऱ्यांनी आधी प्रश्न २० वाचावा. तिथले उत्तर वेगळे आहे.

१. किट घेतलं म्हणजे नेमकं काय हातात येतं? जोडलं की झालं का?

नळी, तिचे मागचे तोंड बंद करणारा, आट्यांनी बसवलेला ब्रीच प्लग, लॉक (घोडा, चकमक धरणारा जबडा, रंजकाचा म्हणजे पेट देणाऱ्या चिमूटभर दारूचा प्याला आणि ठिणगी पाडणारी पोलादी फ्रिझन असलेला भाग), लाकडी दस्ता, ट्रिगर, ट्रिगर गार्ड, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), साइडप्लेट (लॉकच्या विरुद्ध बाजूची पट्टी), गज (दारू-गोळी ठासायची काठी), गजाच्या नळ्या, स्क्रू आणि पिना.

जोडले की झाले, असे फक्त एकाच प्रकारात म्हणता येते. संगणकी यंत्रावर कोरलेल्या किटमध्ये सगळ्या खाचा जवळजवळ पूर्ण असतात. पॉलिश, रंग आणि थोडे घासकाम धरून ३०-४० तासांत बंदूक उभी राहते. जिम किब्लर यांच्या किटमुळे हा प्रकार लोकप्रिय झाला. दुसऱ्या प्रकारात दस्ता ढोबळ आकाराचा आणि खाचा ९० टक्के कोरलेल्या असतात. उरलेले १० टक्केच काम खरे, आणि नवख्याला त्यात शंभर तास सहज जातात. जिम चेंबर्स किंवा ट्रॅक ऑफ द वुल्फ यांच्याकडची बरीच किट या जातीची. तिसरा प्रकार म्हणजे सुटे भाग आणि लाकडाची फळी. पहिल्या बंदुकीसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

२. रायफलऐवजी गुळगुळीत नळी का घ्यायची? नेम तर लागत नाही म्हणतात.

एकाच नळीतून छर्रेही उडतात आणि गोळीही. सशापासून हरणापर्यंत एक बंदूक पुरते. शिवाय अठराव्या शतकातली बहुतेक सैन्ये, शेतकरी आणि व्यापारी गुळगुळीत नळीच वापरत. त्यामुळे रिएनॅक्टमेंटमध्ये रायफलपेक्षा तिला जास्त जागा आहे.

नेमाचे म्हणाल तर कापडी पॅचमध्ये घट्ट बसवलेली गोळी ५० यार्डांपर्यंत हरणाच्या छातीत विश्वासाने लागते. मागचे साइट (नेम धरायची खाच) नसल्याने डोळा हेच मागचे साइट. गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकला नाही तर गोळी वर-खाली जाते. ७५ यार्डांवर मारायचेच असेल तर रायफल घ्या.

३. शिकार आणि रिएनॅक्टमेंट, दोन्हीला एकच बंदूक चालेल का?

चालेल, पण रिएनॅक्टमेंटमध्ये तुम्ही कोण आहात यावर ते ठरते. पलटणीतला शिपाई व्हायचे असेल तर पलटणीला लागणारे मस्केटच (सैनिकी लांब बंदूक) हवे. ते साडेचार-पाच किलोचे असते आणि जंगलात दिवसभर खांद्यावर जड होते. मिलिशियावाला (नागरिकांच्या सैन्यातला), शेतकरी, फर व्यापारी किंवा सीमेवरचा शिकारी व्हायचे असेल तर २० बोअरची (बोअर म्हणजे काय ते प्रश्न ६ मध्ये) फाउलर (पक्ष्यांच्या शिकारीची हलकी बंदूक) किंवा ट्रेड गन (व्यापाऱ्यांनी विकलेली साधी बंदूक) दोन्हीकडे चालते, आणि आमची पहिली शिफारस तीच. गटात जायचे नक्की असेल तर किट मागवण्याआधी गटाच्या प्रमुखाकडून मान्य मॉडेलांची यादी लेखी घ्या. बंदूक आधी आणि भूमिका नंतर ठरवणाऱ्यांची बंदूक पुष्कळदा पहिल्याच तपासणीत नाकारली जाते.

४. कोणत्या काळासाठी कोणतं मॉडेल?

१७५४ ते १७६३ च्या फ्रेंच-इंडियन युद्धात फ्रेंच बाजूने उभे राहायचे असेल तर फ्युझी द शास. तूलच्या कारखान्यात बनलेली ही हलकी बंदूक साधारण २० बोअरची, ४४ इंच नळीची आणि पोटाकडे वळलेल्या दस्त्याची. कॅनडातल्या मिलिशियाला ती शोभते आणि शिकारीला उत्तम. त्याच युद्धातला ब्रिटिश शिपाई लाँग लँड ब्राउन बेस हे मस्केट वापरी (प्रश्न ५ पाहा).

१७७५ ते १७८३ च्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धासाठी ब्रिटिश बाजूला शॉर्ट लँड ब्राउन बेस. अमेरिकी काँटिनेंटल (नियमित सैन्यातल्या) शिपायासाठी फ्रेंच १७६३ किंवा १७६६ चे मस्केट, ज्याला सगळे सरसकट शार्लव्हिल म्हणतात. पण ही फ्रेंच मस्केटे मोठ्या संख्येने १७७७ पासून पोहोचली. १७७५ ची बंकर हिलची लढाई उभी करणाऱ्या गटात शार्लव्हिल घेऊन गेलात तर कोणीतरी हटकणारच. तिथे साधी न्यू इंग्लंड फाउलर बरोबर.

फर व्यापार आणि १८४० आधीच्या राँदेवू या फर व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांसाठी नॉर्थवेस्ट ट्रेड गन. हडसन्स बे कंपनीसारख्या व्यापाऱ्यांनी मूळ रहिवाशांना विकलेली ही बंदूक पितळी सर्पाकृती साइडप्लेट आणि मोठ्या ट्रिगर गार्डवरून लगेच ओळखू येते. बांधायलाही हीच सर्वात सोपी : बटप्लेट सपाट, टोकाला धातूची टोपी नाही, नक्षी नाही. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने हीच घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

५. ब्राउन बेसच्या किटमध्ये ४६, ४२ आणि ३९ इंच नळ्या दिसतात. फरक काय?

काळाचा. लाँग लँडची नळी ४६ इंच, शॉर्ट लँडची ४२, इंडिया पॅटर्नची ३९. इंडिया पॅटर्न हा ईस्ट इंडिया कंपनीचा नमुना. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर १७९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने तो आपल्या सैन्यासाठी उचलला. म्हणून १७७५ च्या प्रसंगात ३९ इंची नळी चुकीची. उलट १८०३ च्या असईच्या लढाईतला कंपनीचा शिपाई उभा करायचा असेल तर तीच योग्य. फक्त छोटी आणि सोयीची दिसते म्हणून ३९ इंची घेऊ नका.

६. २० बोअर घेऊ की १२, की मस्केटचा ०.७५?

बोअरचा आकडा म्हणजे त्या नळीच्या मापाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात तो. म्हणून आकडा लहान, नळी मोठी. २० बोअर साधारण ०.६२ इंच, १६ बोअर ०.६६, १२ बोअर ०.७३.

०.६२ च्या नळीत ०.६०० इंचाची गोळी पॅचसह बसते. शिशाची ती गोळी सुमारे ३२५ ग्रेन (वजनाचे छोटे माप) भरते. हरणाला पुरून उरते. ०.७५ च्या मस्केटमधली ०.६९० ची गोळी ४९० ग्रेनच्या पुढे जाते. धक्का, शिसे आणि दारूचा खर्च त्या प्रमाणात. केवळ बदक आणि टर्की मारायची असेल तर १२ बोअरमध्ये छर्रे जास्त मावतात. बाकी सगळ्यांनी २० घ्यावा. त्याचे साचे, वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमध्ये घालायच्या चकत्या), गोळ्या सहज मिळतात.

ब्राउन बेस पाणपक्ष्यांसाठी बेकायदा आहे का, असेही विचारले जाते. स्थलांतरी पक्ष्यांसाठी अमेरिकी नियमात १० बोअरपेक्षा मोठी बंदूक चालत नाही. ०.७५ म्हणजे जवळपास ११ बोअर, त्यामुळे ती बसते. शिशाची अडचण मात्र उरते. प्रश्न १७ पाहा.

७. लॉकवर पैसे वाचवले तर?

वाचवू नका. किटच्या किमतीचा मोठा हिस्सा नळी आणि लॉक खातात, आणि नंतर बदलायला सर्वात त्रासदायक भाग लॉकच. दुसऱ्या कंपनीचे लॉक त्याच खाचेत क्वचितच बसते.

तपास असा : बिनदारूच्या, रिकाम्या बंदुकीत नवी चकमक चामड्यात गुंडाळून बसवा. तिची रुंदी फ्रिझनइतकी किंवा किंचित कमी. घोडा अर्ध्यावर असताना चकमकीची धार फ्रिझनच्या जवळ, पण न टेकलेली. आता वीसेक वेळा पाडा. ठिणग्या प्रत्येक वेळी प्याल्यात पडायला हव्यात. फ्रिझनवर खोल ओरखडे पडत असतील आणि ठिणग्या तुरळक असतील तर फ्रिझन मऊ आहे. ती पुन्हा कडक करून घ्यावी लागते. चकमक दोनचार वारांत फुटत असेल तर मुख्य स्प्रिंग फार ताठ आहे किंवा चकमकीचा कोन चुकला आहे. धारेची बाजू उलटी करून पाहा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

८. भारतात बनलेली स्वस्त मस्केटं घ्यावी का?

परदेशातल्या रिएनॅक्टमेंट गटांत ही भरपूर दिसतात. ती भारतातून कान (प्याल्यातली आग नळीत नेणारे भोक) न पाडता, न उडणाऱ्या प्रतिकृती म्हणून निघतात आणि परदेशातला विक्रेता कान पाडून देतो. दुर्मीळ नमुने याच मार्गाने परवडतात हे खरे.

प्रश्न नळीचा आहे. पोलाद कोणते, ब्रीच प्लगचे आटे किती खोल, नळीची प्रूफ चाचणी (जास्त दारू भरून उडवून घेतलेली तपासणी) झाली का, याची कागदोपत्री उत्तरे नसतील तर त्या नळीत गोळी किंवा छर्रे घालू नका. ब्रिटनमध्ये प्रूफ हाउसचा शिक्का नसलेली नळी विकताच येत नाही. अमेरिकेत तशी सक्ती नाही, म्हणून चौकशी तुमच्यावर येते. शिकारीसाठी बंदुकीच्या नळ्याच बनवणाऱ्या कारखान्याची नळी घ्यावी आणि त्यांनी दिलेली कमाल दारूची मर्यादा लिहून ठेवावी. नुसता आवाज करायच्या बंदुकीलाही ब्रीच प्लगची तपासणी गनस्मिथकडून करून घेणे शहाणपणाचे.

९. दस्ता माझ्या मापाचा आहे हे कसं कळणार? आणि मी डावखुरा आहे.

कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा; बोटाचे पेर आरामात ट्रिगरवर आले पाहिजे. बऱ्याच किटमध्ये ट्रिगरपासून बटप्लेटपर्यंत १३.५ ते १४ इंच असतात. जाड कोट घालून डिसेंबरात शिकार करणार असाल तर किंचित कमीच ठेवा. बटप्लेट बसवण्याआधी लाकूड कापता येते, नंतर जोडता येत नाही.

डावखुऱ्यांसाठी डाव्या बाजूचे लॉक असलेली थोडी किट मिळतात. पण सैनिकी मस्केटे सगळी उजवीच होती आणि रांगेत उभे असताना डावे लॉक शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे आग फेकते. पलटणीत जाणार असाल तर उजव्या खांद्यावर शिका.

१०. लाकूड कोणतं?

इंग्रजी आणि फ्रेंच बंदुकांना अक्रोड, अमेरिकी फाउलरना मेपल, चेरी किंवा अक्रोड. ट्रेड गनला साधे अक्रोड किंवा बीच. रेषांनी लाटा उठणारे महागडे मेपल सुंदर दिसते, पण साध्या सैनिकाच्या हातात शोभत नाही आणि कोरताना त्याचे पापुद्रे निघतात. मनगटाजवळ, जिथे दस्ता सर्वात बारीक होतो, तिथे रेषा दस्त्याच्या लांबीत धावायला हव्यात. तिथे आडव्या रेषा दिसल्या तर दस्ता परत करा.

११. कोणती अवजारं लागतील?

धारदार पटाशा (पाव आणि अर्धा इंच पुरे), एक-दोन गोल पटाशा, गोल व चपटे कानस, शिसवी किंवा प्लास्टिकचा हातोडा, चांगला शिकंजा, ड्रिल प्रेस किंवा निदान ड्रिलसाठी कोन धरणारी चौकट, आट्यांचे टॅप. आणि काजळी. भागाच्या मागे दिव्याची काजळी लावायची, खाचेत दाबायचा, लाकडावर जिथे काळे उमटले तेवढेच खरवडायचे. हे हजारदा करावे लागते, त्याला पर्याय नाही. सँडपेपर ब्लॉकवर गुंडाळूनच वापरा. नुसत्या बोटांनी घासले की कडा गोल होतात आणि बंदूक साबणाच्या वडीसारखी दिसू लागते.

१२. कामाचा क्रम काय ठेवायचा? सुरुवात कुठून?

सुरुवात गजाच्या भोकापासून. कोरलेल्या दस्त्यात हे लांब भोक कारखान्यात पाडलेले असते आणि ते कधी नळीच्या दिशेने वर, कधी खाली सरकते. एक काठी आत घाला, भोकाची वरची कड आणि नळीच्या खाचेचा तळ यांतले अंतर मोजा. दोन्हींमध्ये १/८ इंच लाकूड राहिले तर उत्तम. फारच कमी असेल तर लॉकचा पुढचा स्क्रू गजाला अडेल. हे आजच कळले तर दस्ता बदलून मिळतो, पटाशी लावल्यावर नाही.

मग नळी. तिचा मागचा भाग लाकडात पूर्ण टेकला पाहिजे, कारण धक्का सगळा तिथे येतो. टेकला नाही तर मनगट चिरते. आधी कोरलेल्या दस्त्यात लॉकची जागा ठरलेली असल्याने नळी किती मागे न्यायची हे कानावरून ठरते (प्रश्न १३). म्हणून मागची भिंत थोडी थोडी कोरत जा. टँगचा (ब्रीच प्लगच्या मागे निघालेल्या पट्टीचा) स्क्रू त्यानंतर.

नळीला खालून जोडलेल्या छोट्या लोखंडी कड्यांतून पिना जातात. कड्यांतली भोके लांबीच्या दिशेने लांबट कानसा. दमट हवेत लाकूड फुगते, हिवाळ्यात आकसते; भोक गोल ठेवले तर पुढचा पातळ भाग वाकतो किंवा पिन वाकते. ४४ इंच नळीखालचा हा लाकडाचा भाग अगदी नाजूक असतो. नळी आत असतानाच दस्ता हाताळा आणि रिकामा दस्ता एका टोकाने उचलू नका. तडकलाच तर पातळ इपॉक्सी आणि दोरी. रंगल्यावर दिसत नाही.

मग लॉक, ट्रिगर, बटप्लेट, साइडप्लेट, गार्ड आणि शेवटी गजाच्या नळ्या. बाहेरचा आकार सगळे आतले काम झाल्यावरच. ट्रिगरची पिन वर असेल तर ट्रिगर हलका लागतो, खाली असेल तर जड.

१३. कान कुठे पाडायचा? इथेच सगळ्यांची चूक होते म्हणतात.

कान म्हणजे प्याल्यातली आग नळीतल्या दारूपर्यंत नेणारे भोक. उभ्या दिशेने त्याचा मध्य प्याल्याच्या वरच्या कडेशी यावा. आडव्या दिशेने प्याल्याच्या मध्यावर. लांबीच्या दिशेने तो ब्रीच प्लगच्या तोंडाच्या पुढे हवा. प्लगच्या आट्यांत कान पाडला तर तिथे काजळ साचते, प्रज्वलन उशिरा होते आणि कधी होतच नाही.

प्लगचे तोंड कुठे आहे ते असे शोधा : तोंडाकडून काठी आत टेकवा, नळीच्या टोकाशी खूण करा, काठी बाहेर नळीवर त्याच मापाने ठेवा आणि मागचे टोक नळीवर कोरा. कान त्या रेषेच्या पुढे, मध्य किमान १/१६ इंच पुढे. सुरुवात १/१६ इंच ड्रिलने करा. उडायला वेळ लागतो असे वाटले तर ५/६४ पर्यंत वाढवा. त्याहून मोठा कान केला तर बाजूला फेकली जाणारी आग वाढते आणि गोळीचा वेग घटतो. भोकात पोलादी लायनर बसवला की प्रज्वलन जलद होते. शिकारीच्या बंदुकीला तो चालतो, पण काटेकोर सैनिकी गट लायनर दिसला तर नाराज होतात.

१४. लॉक हातात झकास चालतं, दस्त्यात बसवलं की अडतं. का?

लाकूड कुठेतरी आतल्या भागाला घासते आहे. मुख्य स्प्रिंगचा खालचा हात, सिअरचे (घोडा अडवून धरणाऱ्या खिट्टीचे) टोक आणि टम्बलर (घोड्याबरोबर आत फिरणारा भाग) यांना काजळी लावा, लॉक बसवा, घोडा मागे-पुढे करा आणि काळे कुठे उमटले ते पाहा. दुसरे कारण म्हणजे लॉकचे स्क्रू फार आवळणे : अर्धा फेरा सैल केल्यावर चालू लागत असेल तर लॉकची बाजूची पट्टी लाकडावर सपाट टेकलेली नाही.

धोकादायक बाब एकच. ट्रिगर स्थिर असताना सिअरवर जरासुद्धा दाब देत असेल तर अर्ध्यावरचा घोडा निसटू शकतो. ट्रिगर हलका खडखडला पाहिजे. खडखड नसेल तर ट्रिगरची वरची पट्टी कानसा.

१५. कोणती दारू? पायरोडेक्स चालेल का?

चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन या तिच्या बदली पावडरींना पेट घ्यायला जास्त तापमान लागते. रंजक जळते पण नळीतली दारू पेटत नाही. २० बोअरसाठी ३एफ किंवा २एफ, मस्केटसाठी २एफ (एफचा आकडा मोठा, दाणा बारीक). रंजकासाठी ४एफ लोक वापरतात, पण त्याच ३एफने भागते आणि दारू ठेवायची दोन शिंगे बाळगावी लागत नाहीत. धूरविरहित आधुनिक पावडर या नळीत कधीही, थोडीसुद्धा घालायची नाही, नळी फाटते.

दारू वजनावर नव्हे तर काळ्या दारूच्या मापाच्या नळकांड्याने, आकारमानाने मोजतात. शिंगातून थेट नळीत ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर सगळे शिंग हातात पेटते.

१६. भार किती ठेवायचा?

आधी नळी बनवणाऱ्याची कमाल मर्यादा, मग पुढचे आकडे. २० बोअरमध्ये गोळीसाठी ६० ते ८० ग्रेन. छर्ऱ्यांसाठी जुनी रीत : ज्या मापाने दारू, त्याच मापाने छर्रे. ७० ग्रेनचे माप साधारण एक औंस छर्रे घेते. दारू वाढवली की छर्रे जास्त पसरतात आणि मध्ये पोकळी पडते. पसरट वाटत असेल तर दारू कमी करा, छर्रे वाढवू नका.

क्रम : दारू, जाड पुठ्ठ्याची चकती, तेलकट लोकरी वॅड, छर्रे, वर पातळ पुठ्ठा. लोकरी वॅड फार जाड असेल तर तो मागून येऊन छर्रे विस्कटतो, अर्धा कापा. वरचा पुठ्ठा सैल असेल तर चालता चालता पुढे सरकतो आणि छर्रे नळीच्या मध्यावर जाऊन बसतात. तसाच बार काढला तर नळी तिथे फुगते. म्हणून गजावर भरलेल्या बंदुकीची खूण कोरा आणि झाडाखाली बसताना ती बघा. गोळी दारूवर पूर्ण टेकली आहे का, हेही त्याच खुणेने कळते.

चोक (तोंडाशी आवळलेला भाग) नसलेल्या नळीतून टर्की २५ यार्डांपर्यंत. कागदावर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१७. शिसं चालतं का?

पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेत १९९१ पासून शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिशाचा दारूगोळा चालत नाही. जुन्या पद्धतीच्या नळीत नुसते पोलादी छर्रे घातले तर नळी ओरखडते. जाड प्लास्टिक कपात घालावे लागतात आणि ते जुन्या रीतीचे दिसत नाही. बिस्मथचे छर्रे शिशासारखेच भरता येतात. महाग आहेत, पण पाणपक्ष्यांसाठी दुसरा समाधानकारक मार्ग नाही.

१८. रिएनॅक्टमेंटसाठी किटमध्ये आणखी काय लागतं?

प्याल्याच्या बाहेर पितळी फ्लॅशगार्ड, म्हणजे शेजाऱ्याला आग लागत नाही, आणि फ्रिझनवर चढवायची चामड्याची टोपी. बऱ्याच ठिकाणी दोन्ही सक्तीचे. काडतूस फक्त दारूचे; कागद नळीत ठासायचा नाही आणि गज काढायचाच नाही. दारूचे कमाल प्रमाण आयोजक ठरवतात, ते विचारून काडतुसे बांधा.

शिकारीची पिशवी आणि काडतुसांची पेटी कायम वेगळ्या ठेवा. प्रसंगाआधी गज आत टाकून नळी रिकामी असल्याची खात्री करा. हरणाच्या हंगामानंतर आतच राहिलेली गोळी हा खरा धोका आहे. प्याला पेटला आणि बार झाला नाही तर बंदूक सुरक्षित दिशेने धरून एक मिनिट थांबा, मगच कान टोचा आणि नवे रंजक घाला.

१९. परवाना लागतो का?

अमेरिकेच्या संघीय कायद्यात चकमकीची, ठासणीची आणि तयार काडतूस न वापरणारी बंदूक अँटिक (पुरातन वस्तू) समजली जाते. किट टपालाने घरी येते. राज्ये मात्र वेगळी वागतात. न्यू जर्सीत उडवता येणारी प्रतिकृती साध्या बंदुकीच्या नियमांत येते. खेळ आणि सांस्कृतिक वापरासाठी ५० पौंडांपर्यंत काळी दारू संघीय परवान्याशिवाय घेता येते. घरी किती ठेवायची ते स्थानिक अग्निशमन नियम सांगतात. काही राज्ये ठासणीच्या हंगामात किमान कॅलिबर किंवा राइफलिंग मागतात, ते हंगामाआधी वाचा. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतर खास चकमकीच्या बंदुकांचा हरीण हंगाम असतो.

कॅनडात चकमकीच्या लांब बंदुकीची प्रतिकृती अँटिक ठरते, पण कॅपने (चकमकीऐवजी स्फोटक टोपीने) उडणारी नवी बंदूक घेतली तर परवाना लागतो. किट निवडताना हा फरक विसरू नका. ब्रिटनमध्ये उडवण्यासाठी शॉटगन प्रमाणपत्र आणि दारूसाठी स्फोटकांचे वेगळे प्रमाणपत्र.

विमानात काळी दारू कोणत्याही सामानात नेता येत नाही. ती पोहोचल्यावर विकत घ्या.

२०. हे किट भारतात आणता येईल का? गावी तर ठासणीच्या बंदुका आहेत.

नाही, असेच समजा. शस्त्र अधिनियम १९५९ खाली बंदूक बाळगणे, बनवणे आणि आयात करणे, तिन्हीला परवाना लागतो. अर्धवट भाग आणून इथे जोडणे हेही बनवणेच. उडवता न येणाऱ्या पुरातन शस्त्रांना मिळणारी सूट नव्या, उडणाऱ्या बंदुकीला मिळत नाही. कोकणात शेतसंरक्षणासाठी लोकांकडे असलेल्या ठासणीच्या बंदुका परवान्याच्याच आहेत, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार हौसेची शिकार बंद आहे. नाटक किंवा मिरवणुकीसाठी लाकडी, भोक नसलेली प्रतिकृती करा.

२१. मराठ्यांची तोडेदार बंदूक किटमधून बनवता येईल का?

युरोपीय तोड्याच्या बंदुकीच्या किटमध्ये फेरफार करून नाही. युरोपीय रचनेत लॉक बाहेरच्या पट्टीवर असते आणि तोडा धरणारा सर्प नेमबाजाच्या दिशेने मागे येतो. हिंदुस्थानी रचनेत यंत्रणा दस्त्याच्या पोटात लपलेली असते. सर्प प्याल्याच्या मागे, दस्त्याच्या खाचेतून वर येतो आणि पुढे झुकतो. नळी पिनांऐवजी तारेने किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली. दस्ता नव्याने कोरावा लागतो आणि ट्रिगरची जोडणी हाताने बनवावी लागते. तोड्यामुळे जळती वात सतत हातात असते, म्हणून अनेक मैदानांवर तिला वेगळी परवानगी लागते. दोन चकमकीची किट पूर्ण केल्यावर हे काम हाती घ्यावे.

२२. कोणीतरी अर्धवट सोडलेलं किट स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

चार गोष्टी पाहिल्यावरच. नळी भरलेली तर नाही ना, हे गज टाकून. कान पाडला असेल तर तो प्लगच्या पुढे आहे का, प्रश्न १३ मधल्या काठीने. नळीचा मागचा भाग लाकडात टेकला आहे की खालची फट भरायला कोणी लांबी (पुट्टी) ओतली आहे. आणि लॉकच्या खाचेभोवती किती लाकूड उरले आहे. कान चुकला असेल तर लायनर बसवून तो थोडासा सरकवता येतो, पण आट्यांतच गेला असेल तर नवी नळी लागते आणि मग स्वस्ताईचा प्रश्नच उरत नाही. बटप्लेट, गार्ड आणि बाहेरचा आकार यांतल्या चुका दुरुस्त होतात, त्यांवरून किंमत पाडून मागा.